सतरा नळ्यांची बंदूक आणि एक उचललेलं वाक्य

‘अकबराच्या दरबारातल्या फतहुल्ला शिराझीने मशीनगन शोधली.’ हे वाक्य तुम्ही कुठे ना कुठे वाचलं असेल. आज त्याचीच चिकित्सा करू. लिटरेचर रिव्ह्यू म्हणजे तरी दुसरं काय असतं?

शिराझी खरा माणूस. आधी विजापूरला अली आदिलशहाकडे. आपला भाट्ये-रत्नागिरीचा पट्टाही तेव्हा आदिलशाहीतच होता. १५८३ मध्ये तो अकबराकडे गेला, १५८९ मध्ये वारला.

आता मूळ ग्रंथ उघडा: अबुल फजलची ‘ऐन-ए-अकबरी’. सतरा बंदुका जोडून एकाच वातीने एकदम उडवायची युक्ती तिथे आहे. पण श्रेय कुणाला? बादशहाला! दरबारी ग्रंथात नव्या कल्पनेचा धनी राजाच असतो. अकबर बंदुकांचा शौकीन होताच, आवडत्या बंदुकीला त्याने ‘संग्राम’ नाव दिलं होतं. म्हणून त्या ओळीवरून ना शिराझी सिद्ध होतो, ना अकबर.

दुसरा मुद्दा शब्दाचा. ‘एकदम’ म्हणजे एकच बार. मग सतराही नळ्या पुन्हा तोंडाकडून ठासत बसा. १८६२ च्या गॅटलिंग गनमध्ये नळ्या फिरतात आणि एकामागून एक उडतात. दोन्हींत नळ्या अनेक, पण यंत्रणा वेगळी. शिवाय एकदम उडणाऱ्या अनेक नळ्या युरोपात चौदाव्या शतकातच होत्या. मग ‘पहिला’ हा शब्दही गळतो.

तिसरा मुद्दा पुराव्याच्या जातीचा. इंग्लंडचा कर्नल थॉर्नटन हा शिकारवेडा, छंदिष्ट गृहस्थ. त्याने चौदा नळ्यांची रायफल बनवून घेतली. ती आज बेल्जियममधल्या लिएजच्या संग्रहालयात आहे. तिच्या नळ्या मोजता येतात, चाप तपासता येतो. अकबराची बंदूक मात्र आपल्याला भेटते ती वर्णनातून. वर्णन हाही पुरावाच, पण त्यावरून धक्का किती बसायचा, नेम लागायचा का, हे सांगता येत नाही.

यात शिराझीला कमी लेखायचं नाही. त्याला न केलेल्या कामाचं श्रेय दिलं, तर खऱ्या कामाकडे कुणी बघणार नाही, आणि त्या नळ्या जोडणारे कारागीर तर आधीच निनावी आहेत.

तुमच्या सिनॉप्सिसमधलं ‘सर्वप्रथम’ असलेलं प्रत्येक वाक्य आज शोधा. कोण, काय, कशावरून, हे तीन प्रश्न विचारा. उत्तर मिळालं नाही, तर तो शब्द सरळ खोडा.