हुकूमशहा आणि त्याचे पंडित

१९५४ साली डोमिनिकन प्रजासत्ताकाच्या इतिहास-अकादमीत एका नव्या सभासदाचा प्रवेश झाला. हे सभासद व्यासंगी होते, कवी होते, वक्ते म्हणून त्यांचा मोठा लौकिक होता. प्रथेप्रमाणे त्यांनी प्रवेशप्रसंगी एक विद्वत्तापूर्ण भाषण वाचले. विषय होता ‘ईश्वर आणि त्रुहियो’. प्रतिपादन थोडक्यात असे की, परचक्रे, यादवी आणि दारिद्र्य यांतून हे लहानसे राष्ट्र तगले ते केवळ ईश्वराच्या कृपेने. १९३० पासून मात्र त्या कार्यात जनरल राफाएल त्रुहियो यांनी ईश्वरास हातभार लावला आहे. या सभासदांचे नाव होआकिन बालागेर. पुढे ते स्वतः त्या देशाचे राष्ट्राध्यक्ष झाले, आणि मध्ये खंड पडूनही १९९६ पर्यंत पुनःपुन्हा होत राहिले.

साहित्यसंस्थांशी ज्यांचा आयुष्यभर संबंध आला अशा आम्हां मंडळींना ही हकीकत वाचून प्रथम हसू येते. ते फार वेळ टिकत नाही. त्या सभेलाही अध्यक्ष असतील, प्रास्ताविक झाले असेल, आभारप्रदर्शन झाले असेल. आणि श्रोत्यांत असे एकदोन शिक्षक नक्कीच असतील की ज्यांना हे सारे काय चालले आहे ते पुरते कळत होते आणि ज्यांनी तरीही टाळ्या वाजविल्या.

मारिओ वार्गास योसा यांची ‘ला फिएस्ता देल चिवो’ ही कादंबरी (२०००) आम्ही वाचली ती या टाळ्यांच्या शोधात. पेरूचे हे नोबेलविजेते लेखक १३ एप्रिल २०२५ रोजी निवर्तले, तेव्हा तिचे नाव पुन्हा सर्वत्र ऐकू आले. स्पॅनिश आम्हांस अवगत नाही. इडिथ ग्रॉसमन यांच्या इंग्रजी भाषांतरावर आमची सारी भिस्त आहे. नावाचा अर्थ ‘बोकडाची मेजवानी’. पण मूळ शब्दात जत्रेचा, उत्सवाचाही अर्थ आहे. बोकड म्हणजे त्रुहियो. त्याच्या स्त्रीलंपटपणामुळे लोकांनी पाठीमागे दिलेले हे नाव.

राजवटीची माहिती थोडक्यात दिली पाहिजे. अमेरिकन नौसैनिकांच्या अंमलाखाली (१९१६–२४) शिक्षण घेतलेला हा लष्करी अधिकारी १९३० साली सत्तेवर आला आणि ३० मे १९६१ च्या रात्री समुद्रकाठच्या रस्त्यावर गोळ्या घालून मारला जाईपर्यंत सत्तेवरच राहिला. कधी स्वतः अध्यक्ष होऊन, कधी दुसऱ्यास त्या खुर्चीवर बसवून. १९३६ साली राजधानीचे सांतो दोमिंगो हे जुने नाव जाऊन ती ‘त्रुहियोनगरी’ झाली. देशातील सर्वोच्च शिखरासही त्याचेच नाव लागले. घराघरांतून ‘या घरात त्रुहियो हाच मालक’ अशा पाट्या झळकल्या. एकमेव पक्षाचे ब्रीद होते सचोटी, स्वातंत्र्य, श्रम आणि नीती; या चार शब्दांची स्पॅनिशमधील आद्याक्षरे घेतली की त्याच्या संपूर्ण नावाची आद्याक्षरे तयार होत. हे ब्रीद ज्याने बसविले त्याचे भाषेवर खचित प्रभुत्व असले पाहिजे!

आणि मीठ. ज्या १९३० साली आपल्याकडे दांडीच्या किनाऱ्यावर मूठभर मीठ उचलले गेले, त्याच साली सत्तेवर आलेल्या या माणसाने थोड्याच काळात समुद्रकाठी मीठ पिकविण्यास कायद्याने मनाई केली, आणि बाराओनाच्या खाणींतील मीठच काय ते लोकांनी घ्यावे अशी व्यवस्था केली. त्या खाणींचा नफा त्याच्या पदरात पडे. पुढे मांस, दूध, तांदूळ, सिमेंट, विमा आणि अखेरीस साखर, असे एकेक धंदे त्याच्या व त्याच्या कुटुंबाच्या हाती गेले. सरकारी नोकरांच्या पगारातून दहा टक्के रक्कम पक्षासाठी कापून घेतली जाई. भ्रष्टाचार म्हणजे कायदा मोडून खाल्लेला पैसा अशी आपली समजूत असते. येथे कायदाच त्या पैशासाठी केला जाई, आणि तो शुद्ध, डौलदार भाषेत लिहून देणारे पदवीधर वकील पदरी असत.

कादंबरीचे खरे लक्ष या पदरी असलेल्यांवर आहे. तिचे तीन पदर आहेत. १९९६ साली उरानिया काब्राल ही एकोणपन्नास वर्षांची वकीलबाई पस्तीस वर्षांनी मायदेशी येते. त्रुहियोच्या आयुष्याचा शेवटचा दिवस पहाटेपासून उलगडत जातो. आणि त्याच रात्री एका मोटारीत चार माणसे बंदुका घेऊन त्याची वाट पाहत असतात. या चौघांपैकी प्रत्येकाने कधी ना कधी राजवटीची चाकरी केलेली आहे. अंगरक्षक दलातील तरुण आमादितोचेच पाहा. ज्या मुलीशी त्याला लग्न करायचे असते तिचा भाऊ डाव्या विचारांचा म्हणून परवानगी नाकारली जाते, आणि तो निमूटपणे मुलीला सोडतो. पुढे निष्ठेची कसोटी म्हणून रात्री एका बांधलेल्या कैद्यास ठार मारण्याचा हुकूम त्याला मिळतो. तो मारतो. मग त्याला सांगण्यात येते की तो कैदी त्या मुलीचाच भाऊ होता. इतरांच्या कहाण्या लेखकाने विस्ताराने सांगितल्या आहेत. पण या चार-पाच पानांत जे साधले ते तेथे साधलेले नाही असे आम्हांस वाटते.

आगुस्तिन काब्राल हा उरानियाचा बाप. हे पात्र काल्पनिक आहे, आणि कादंबरीचा सारा भार त्याच्यावर आहे. तो सेनेटचा अध्यक्ष, कायदेपंडित, ‘मेंदू’ या अर्थाच्या लाडक्या नावाने ओळखला जाणारा. वैयक्तिक व्यवहारात स्वच्छ. घर साधे, विधुर, मुलीवर जीव. एके सकाळी वर्तमानपत्र उघडतो तो ‘एल कारिबे’मधील वाचकांच्या पत्रव्यवहाराच्या सदरात त्याच्याविरुद्ध एक पत्र: अधिकारपदावर असताना त्याने गैरव्यवहार केला. हे सदर इतिहासात खरोखरच होते. त्यात निनावी पत्रे येत, ती राजवाड्याच्या इच्छेने येत, आणि ज्याचे नाव छापून आले त्याने आपले दिवस भरले असे समजावे. ज्या राजवटीत मिठापासून विम्यापर्यंत सर्वच गिळंकृत झाले आहे, तेथे एका सचोटीच्या माणसाला संपविण्यासाठी आरोप निवडला जातो तो भ्रष्टाचाराचा. आणि काब्राल? पत्र खोटे आहे हे तो जाणतो, पण ते छापणारी व्यवस्था खोटी आहे असे त्याच्या मनात क्षणभरही येत नाही. आपले काय चुकले याचाच तो शोध घेत राहतो. पद जाते, बँकेतील पैसा अडकविला जातो, मित्र फोन घेईनासे होतात. त्रुहियोच्या बाजूने पाहावे तर हा सारा एक लहरी खेळ आहे. माणसे वाकलेली राहावीत म्हणून अधूनमधून एकाला ढकलून पाहायचे इतकेच.

मग एक उंची कपड्यांचा शौकीन राजदूत काब्रालला मार्ग सुचवितो: चौदा वर्षांची मुलगी महालात पाठवावी. तो पाठवितो. उरानियाची त्या रात्रीची हकीकत लेखकाने शेवटच्या प्रकरणापर्यंत राखून ठेविली आहे. रहस्यकथेचा हा डावपेच आहे असा आक्षेप काहींनी घेतला तर तो सर्वस्वी निराधार नाही. चाणाक्ष वाचकाला पहिल्या शंभर पानांतच अंदाज येतो. परंतु आम्हांस महत्त्वाचे वाटते ते हे की, बाप मुलीला देतो तेव्हा त्याच्या आयुष्यात काही नवे घडत नाही. तीस वर्षे त्याने कायद्याच्या मसुद्यात, भाषणात, सेनेटच्या ठरावात जे जे मागितले गेले ते दिले. त्याच्या एका सहकारी मंत्र्याने पत्नी दिली, आणि ती गोष्ट सारे जाणत असूनही तो मंत्री मानाने वावरला. काब्रालजवळ आता देण्यासारखे एवढेच उरले होते.

आमच्या हैदराबादेत निजामी अमलात सभा भरविण्यापूर्वी परवानगी घ्यावी लागे. त्या ‘गश्ती’ची आठवण जुनी मंडळी अद्याप सांगत आली आहेत. परंतु त्या हुकमाची मागणी मुख्यतः मौनाची होती. मौन राखणाऱ्यास निदान आपल्या मनाशी प्रामाणिक राहता येते. त्रुहियोला मौन पुरत नसे. त्याला स्तुती लागे, तीही अलंकारयुक्त, व्याकरणशुद्ध आणि वेळेवर. म्हणून त्याला लेखक आणि शिक्षक लागत. पेद्रो एन्रिकेस उरेन्या यांच्यासारखा थोर विद्वान १९३१ मध्ये शिक्षणखात्याचा प्रमुख म्हणून मायदेशी आला आणि १९३३ मध्ये देश सोडून गेला तो कायमचाच. हेसुस दे गालिंदेस हा बास्क निर्वासित काही वर्षे त्या देशात राहून अमेरिकेत गेला, कोलंबिया विद्यापीठात शिकवू लागला आणि त्याने त्रुहियोच्या कारकिर्दीवर प्रबंध लिहिला. १२ मार्च १९५६ रोजी न्यूयॉर्कमध्ये तो नाहीसा झाला आणि पुन्हा कधी दिसला नाही. विद्यापीठाने त्याच्या पश्चात पदवी जाहीर केली. प्रबंध लिहिण्याची ही शिक्षा. १९६० च्या नोव्हेंबरात मिराबाल भगिनींपैकी तिघींना तुरुंगातील पतींना भेटून परतताना अडवून मारण्यात आले आणि तो मोटारीचा अपघात म्हणून दाखविण्यात आला. त्यांच्यावर हुलिया अल्वारेझ यांनी १९९४ मध्ये स्वतंत्र कादंबरी लिहिली आहे. ती आमच्या शिक्षक-वाचकांनी या कादंबरीच्या आधी वाचावी.

आता आमची तक्रार. १९३७ च्या ऑक्टोबरात सरहद्दीवर त्रुहियोच्या हुकमाने हैतियन मजुरांची कत्तल झाली. मृतांचे अंदाज काही हजारांपासून वीस हजारांच्या पुढे जातात. माणूस हैतियन आहे की नाही हे एका पालेभाजीच्या नावाचा उच्चार करावयास लावून ठरविले जाई असे सांगतात. ज्याला स्पॅनिश ‘र’ नीट म्हणता येईना तो मेला. दोन भाषांच्या सीमेवर राहणाऱ्या आम्हां लोकांना हा तपशील वाचून अंगावर काटा येतो. कादंबरीत हा प्रसंग येतो तो भोजनाच्या टेबलावर! पाहुणे नेत्याच्या ‘कठीण निर्णया’ची वाखाणणी करतात, आकड्यावर घासाघीस करतात, आणि विषय पुढे जातो. दरबाराची निर्ढावलेली वृत्ती दाखविण्यास ही योजना प्रभावी आहे, हे मान्य. परंतु पाचशे पानांच्या या ग्रंथात एकाही हैतियनाला तोंड उघडण्याची संधी नाही. ती उणीव भरून निघते एडविज दांतिका यांच्या १९९८ च्या ‘द फार्मिंग ऑफ बोन्स’ या कादंबरीत, जी एका हैतियन मोलकरणीच्या तोंडून सांगितली आहे. त्याउलट वार्गास योसांनी म्हाताऱ्या हुकूमशहाच्या मूत्रविकारावर आणि डागाळलेल्या विजारीवर जी पाने खर्च केली त्यांतली निम्मी तरी वाचली असती तर बरे झाले असते. जुलमी माणसाच्या शरीराची फजिती पाहून वाचकाला सूड घेतल्याचे सुख मिळते, आणि ते सुख त्याच्या पंडितांवरून लक्ष उडविते.

खुनानंतरची प्रकरणे मात्र विलक्षण आहेत. सेनापती रोमान कटात सामील असतो. प्रेत डोळ्यांनी पाहिल्यावर सैन्य हलवीन, एवढेच त्याचे वचन. बोलावणे येते, आणि त्याचे पाय चालेनासे होतात. मालक मेला हे ठाऊक असूनही शरीर मालकाच्याच आज्ञेत राहते. या भित्रेपणाची किंमत त्याने महिनोन् महिने छळ सोसून दिली. त्याच वेळी राजवाड्यात ते लहानखुरे, मृदुभाषी, कविता करणारे नामधारी राष्ट्राध्यक्ष बालागेर, एकही वाक्य चुकीचे न उच्चारता, सत्ता आपल्याकडे वळवून घेत असतात. छळाकडे ते पाठ फिरवितात, प्रेतापुढे गौरवाचे भाषण करतात, आणि सहा महिन्यांनी लपून वाचलेल्या दोघा मारेकऱ्यांना वीर म्हणून सन्मानाने भेटतात. हे प्रकरण कादंबरीतले सर्वांत सफाईदार, आणि आमच्या मते सर्वांत धोक्याचे. येथे लेखक आपल्या पात्राच्या बुद्धीवर लुब्ध झालेला आहे. बुद्धिबळाचा डाव पाहावा तसे आपण पाहत राहतो, आणि कोठडीत किंचाळणारी माणसे तेवढा वेळ विसरतो.

बालागेर यांनी १९८८ साली आठवणी प्रसिद्ध केल्या. पुस्तकाच्या नावातच त्यांनी स्वतःला त्रुहियो-काळातला दरबारी म्हटले आहे. या प्रांजळपणाला दाद द्यावी की काय हे आम्हांस ठरविता आलेले नाही. त्या पुस्तकात एक पान कोरे आहे. १७ मार्च १९७५ रोजी, बालागेर यांच्याच कारकिर्दीत, ऑर्लांदो मार्तिनेस या पत्रकाराची हत्या झाली. त्यासंबंधी आपल्या मृत्यूनंतर कोणी विश्वासातील व्यक्ती हे पान भरील, असे त्यांनी लिहून ठेविले. २००२ मध्ये ते वारले. ‘ईश्वर आणि त्रुहियो’ या विषयावर ज्यांना शब्द कमी पडले नाहीत त्यांना या एका पानावर एकही ओळ लिहिता आली नाही.

कादंबरीतही एक बोलका माणूस मुका होतो. उरानिया परत येते तेव्हा काब्राल अर्धांगवायूने खुर्चीत खिळलेला आहे. वाचा गेली आहे, मुलीचे बोलणे कळते की नाही तेही सांगता येत नाही. ती त्याला सारे ऐकविते. मग संध्याकाळी आत्या आणि बहिणी यांच्यापुढे ती पस्तीस वर्षांत प्रथमच ती रात्र सांगते. आत्या मध्येच थांबविते, भावाची बाजू घेऊ पाहते, रडते. लहान भाची मारियानिता काही न बोलता तिला बिलगते. हॉटेलात परतल्यावर उरानिया सामान आवरते, आणि ठरविते की या मुलीचे पत्र आले तर आपण उत्तर पाठवायचे.