विसाव्याची चित्रे

सोलापूर जिल्ह्यातील पंढरपूर आणि मोहोळ हे तालुके एकमेकांस लागून आहेत. पंढरपुरात १९१५ साली मकबूल फिदा हुसेन जन्मास आले. १९४७ साली मुंबईत निघालेल्या प्रोग्रेसिव्ह चित्रकारांच्या मंडळात सामील होऊन त्यांनी हुबेहूबपणाची जुनी शिस्त झुगारून दिली. मोहोळ तालुक्यातील शिरापूरचे शशिकांत धोत्रे १९८२ साली जन्मले, आणि त्यांनी तीच टाकून दिलेली शिस्त आदराने पुन्हा उचलून घेतली. एकाच जिल्ह्यातून निघालेल्या या दोन वाटा पाहिल्या म्हणजे मनात प्रश्न उभा राहतो: वास्तववादी चित्रकलेचे हे पुनरागमन म्हणजे नुसते मागे फिरणे आहे, की त्याला स्वतःचे असे काही सांगावयाचे आहे?

प्रथम ‘पुनरागमन’ हा शब्दच जरा तपासून घेतला पाहिजे. १८५७ साली मुंबईत जे. जे. कलाशाळा सुरू झाली, १८८८ साली बॉम्बे आर्ट सोसायटी स्थापन झाली, आणि पेस्तनजी बोमनजी, धुरंधर, त्रिंदाद, हळदणकर यांच्या हातून महाराष्ट्रात वास्तवदर्शी चित्रणाची एक भरघोस परंपरा उभी राहिली. कोल्हापुरात आबालाल रहिमान व बाबुराव पेंटर यांनी तिला आपल्या परीने वळण दिले. स्वातंत्र्यानंतर मात्र या परंपरेला कलाशाळेतील कवाईत म्हणून हिणविण्याची रीत पडली. तरीही ती संपली नव्हती. वासुदेव कामत यांनी पत्नीचे काढलेले व्यक्तिचित्र २००६ साली अमेरिकेतील व्यक्तिचित्रकारांच्या संस्थेच्या सर्वोच्च पारितोषिकास पात्र ठरले, ही गोष्ट त्याची साक्ष देते. तात्पर्य, झरा आटला नव्हता. समीक्षकांनी त्या पाणवठ्यावर जाण्याचे सोडले होते, इतकेच.

श्री. धोत्रे यांचे शिक्षण मात्र या परंपरेच्या उंबरठ्यावरच थांबले. दगडफोडीवर पोट भरणाऱ्या कुटुंबातून आलेल्या या तरुणाला जे. जे. कलाशाळेत प्रवेश मिळाला, परंतु पैशांच्या अडचणीमुळे तेथे टिकता आले नाही. पुढे त्यांनी जे साधन आपलेसे केले ते तैलरंगांचे नव्हे. काळा कागद आणि रंगीत पेन्सिली, एवढेच. ही निवड वरवर साधी वाटते, पण तिने चित्रणाची सारी रीतच उलटी होते. पांढऱ्या कागदावर चित्रकार सावली भरीत जातो आणि कोरा राहिलेला भाग उजेडाचे काम करतो. काळ्या कागदावर अंधार आयताच मिळतो. उजेड तेवढा कष्टाने, रेघेवर रेघ चढवून, मिळवावा लागतो. गालावरची झळाळी, चोळीची शिवण, लुगड्याच्या काठाची वीण, हे सारे असे कणाकणाने जमविलेले आहे. जेथे पेन्सिल टेकली नाही तेथे अंधार तसाच राहतो.

‘अगदी फोटोसारखे!’ अशी या चित्रांची सर्रास स्तुती होते. बोलणाऱ्याचा हेतू चांगला असला, तरी या स्तुतीने चित्रकारावर अन्यायच होतो. कॅमेऱ्यासमोर असेल ते सारे त्यात उतरते. भिंतीवरचा खिळा आणि माणसाचा चेहरा यांत त्याला भेद ठाऊक नाही. श्री. धोत्रे भिंत टाकून देतात, घर टाकून देतात, कित्येकदा जमीनही अर्धीच ठेवतात. काळोखातून एक स्त्री तेवढी आपल्यापुढे येते. काय दाखवावयाचे यापेक्षा काय दाखवावयाचे नाही, यावरच त्यांच्या चित्राचा तोल सांभाळलेला आहे. हुबेहूबपणा हे या कलेचे साधन आहे. साध्य म्हणून त्याकडे पाहिले की चित्रकार नुसता कसबी कारागीर ठरतो.

मग साध्य कोणते? आमच्या मते ते या चित्रांत कोण बसले आहे यात आहे. जुन्या वास्तववादी चित्रकारांपुढे व्यक्तिचित्रासाठी बसण्याचा मान बहुधा संस्थानिक, न्यायमूर्ती, शेठसावकार यांचा. सामान्य माणसे चित्रांत येत नसत असे नव्हे. पण ती पुष्कळदा फकीर, कोळीण, भिकारी अशा नमुन्यांच्या रूपाने येत. श्री. धोत्रे यांच्या चित्रांत खेड्यातील बाई बसते, आडवी होते, वाचते, आपल्याच विचारात हरवते. तिच्याकडे कोणी काही मागत नाही, ती कोणासाठी काही करीत नाही. ज्या घरांत बाईचा दिवस उजाडण्यापूर्वी सुरू होतो आणि जेवणे आटोपल्यावरही संपत नाही, त्या घरांतील बाईला निवांत बसलेली दाखविणे, आणि तिच्यासाठी एखाद्या महाराणीच्या तसबिरीइतके श्रम घेणे, हा आमच्या कलेतील लहानसा न्यायच होय.

येथेच आमची तक्रारही सुरू होते. या स्त्रियांच्या विसाव्यामागचा थकवा चित्रांत क्वचितच दिसतो. कांती नितळ, लुगडे घडी मोडून नुकतेच नेसलेले, हात कोमल. वैशाखात सोलापूरचे ऊन माणसाला कसे रापवते हे त्या मातीत वाढलेल्या चित्रकाराला आम्ही सांगावयास नको. तरी त्यांच्या चित्रांतील उजेड बहुधा सौम्य आणि सुखावणारा असतो. श्रमाची खूण नसलेला विसावा हा विसावा राहत नाही, नुसती फुरसत होते. आणि फुरसतीची सुंदर चित्रे आमच्या दिनदर्शिकांनी आम्हांस पोटभर पुरविली आहेत. गोडव्याचा हा मोह प्रेक्षकाला चटकन जिंकतो, म्हणूनच तो चित्रकाराला अधिक धोक्याचा आहे.

यावर कोणी म्हणेल की, दारिद्र्याच्या खुणा दाखविल्या तरच गरिबाचे चित्र खरे, हा आग्रह सुखवस्तू समीक्षकाचा आहे. दगड फोडणाऱ्याच्या मुलाने तरी दगडच का काढावा? हा आक्षेप खोटा नाही. आपल्या माणसांना सुंदर पाहण्याचा हक्क चित्रकाराला निःसंशय आहे. आम्हांस दारिद्र्याचे प्रदर्शन नको आहे. तळहातावरचा एखादा घट्टा, टाचेची एखादी भेग, डोळ्यांखालची किंचित काळोखी एवढे जरी आले, तरी त्या बाईचे सौंदर्य उणे होणार नाही; उलट ती किती चालून येऊन येथे बसली आहे हे आपणांस कळेल. ज्या हाताला लुगड्याचा धागान् धागा मोजता येतो, त्याला हे अवघड नाही.

वास्तववाद परत आला याचा आनंद आम्हांस आहेच. वास्तवही त्याच्याबरोबर पूर्णपणे परत यावे, एवढीच अपेक्षा आहे.