हाग्गयचे अपुरे मंदिर

हाग्गय संदेष्ट्याचे पुस्तक अवघ्या दोन अध्यायांचे, ३८ वचनांचे. साध्या दिवसांच्या मिस्सेत ते एका वर्षाआड, सामान्य काळाच्या पंचविसाव्या आठवड्यात, गुरुवारी व शुक्रवारी वाचले जाते आणि पुन्हा मिटले जाते. बायबलकडे साहित्य म्हणून पाहणारे रसिक यशयाकडे वळतात. हाग्गयचे गद्य त्यांना रुक्ष वाटते. आम्हांला हा अन्याय वाटतो.

प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. इ.स.पू. ५३८ मध्ये कोरेश राजाने यहुद्यांना बाबिलोनहून परतण्याची मुभा दिली. परतलेल्यांनी मंदिराचा पाया घातला, विरोध झाला, काम थांबले. इ.स.पू. ५२० मध्ये, दारयावेशाच्या दुसऱ्या वर्षी, अवर्षणाने गांजलेल्या या लोकांपुढे हाग्गय उभा राहतो. त्यांची घरे तक्तपोशीची आणि देवाचे घर मात्र उजाड. कमावलेली मजुरी छिद्रे पडलेल्या थैलीत जाते, ही त्याची एकच प्रतिमा साऱ्या दुष्काळाचे चित्र उभे करते.

तारखा मात्र तो कारकुनाच्या रोजनिशीसारख्या नोंदवितो. सहाव्या महिन्याच्या पहिल्या दिवशी संदेश आला आणि चोविसाव्या दिवशी लोक कामाला लागले. मधल्या तेवीस दिवसांविषयी पुस्तक फारसे बोलत नाही. लोकांच्या मनात भय उत्पन्न झाले, आणि देवाने आपण त्यांच्याबरोबर असल्याचे एका छोट्या वाक्यात सांगितले, एवढेच. हे तेरावे वचन. गुरुवारचे वाचन आठव्यापाशीच थांबते. आमच्या मते पुस्तकाचा गाभा या न वाचल्या जाणाऱ्या वाक्यात आहे. क्रम पाहावा: आधी सान्निध्य, मग लोकांच्या मनाची उभारी, मग काम. देवाला आणण्यासाठी मंदिर बांधावयाचे नव्हते. तो त्या ढिगाऱ्यातच होता. आमच्या धर्मग्रामात जुने चर्च उतरवून नवे उभारले, तेव्हा देणगीच्या पावत्या फाडताना आम्ही नेमका पहिलाच उतारा वाचून दाखविला होता, ही कबुली येथे देणे भाग आहे.

आणखी एक कबुली. जुनी वेदी हलविली त्या दिवशी डोळे टिपणाऱ्या वृद्धांना आम्ही 'नवे तरी पाहा' असे म्हणून गप्प केले. हाग्गय तसे करीत नाही. सातव्या महिन्यात, ऐन मंडपांच्या सणात, तो स्वतःच विचारतो की, पूर्वीचे वैभव पाहिलेले कोण उरले आहेत, आणि आजचे हे त्यांना काहीच नसल्यासारखे वाटत नाही काय? शलमोनाचे मंदिर इ.स.पू. ५८७ च्या सुमारास जळाले होते. म्हणजे हे साक्षीदार सत्तरीपलीकडचे. त्यांचे दुःख तो खोटे ठरवीत नाही. तालमूदच्या परंपरेनुसार दुसऱ्या मंदिरात कराराचा कोश, स्वर्गीय अग्नी इत्यादी पाच गोष्टी नव्हत्याच. हाग्गयच्या एका शब्दातील गळलेल्या अक्षरावरून रब्बींनी हा आकडा काढला. हाग्गय मात्र म्हणतो की, देवाचा आत्मा तुमच्यामध्ये वसतच आहे. भिंती अद्याप उभ्या राहिलेल्या नसताना तो हे म्हणतो.

मंदिराला हात लागला की पीक सुधारेल, हा त्याचा हिशेब मात्र आम्हांला तोकडा वाटतो; ईयोबाने तो मान्य केला नसता. पण त्याच प्रकरणात तो याजकांना विचारतो, पवित्र मांसाच्या पदराचा स्पर्श झाल्याने अन्न पवित्र होते काय? उत्तर येते, नाही. अशुद्धी मात्र स्पर्शाने पसरते. चुना नि दगड माणसाला पवित्र करीत नाहीत, हे बांधकामाच्या पुरस्कर्त्यानेच सांगावे, यात त्याचे मोठेपण आहे.

शेवटी जरुब्बाबेलाला देवाच्या मुद्रेच्या अंगठीचा मान मिळेल असे अभिवचन येते आणि पुस्तक संपते. मंदिर इ.स.पू. ५१५ मध्ये पुरे झाले. एज्राच्या ग्रंथातील त्या समारंभाच्या वृत्तांतात जरुब्बाबेलाचे नाव नाही. तो राजा झाला नाही. दर वर्षी १७ डिसेंबरला मत्तयकृत शुभवर्तमानातील येशूची वंशावळ वाचली जाते. तेव्हा त्या लांबलचक नामावळीत तो एकदा येतो आणि वाचक पुढच्या नावाकडे वळतो.