क्रीडनीयक आणि पाळणाघर

नाट्यशास्त्राच्या पहिल्या अध्यायात नाट्याच्या जन्माची कथा आहे. तिच्यातील एका शब्दाकडे वाचकांचे लक्ष प्रथम वेधावे असे आम्हांस वाटते. इंद्रप्रमुख देव ब्रह्मदेवाकडे गेले, तेव्हा त्यांच्या मागणीत वेदाचे नाव मागाहून आले. आधी आले ते 'क्रीडनीयक', म्हणजे खेळणे. पाहता येईल आणि ऐकताही येईल असे खेळणे त्यांना हवे होते, आणि त्या मागणीतून पाचवा वेद निर्माण झाला. तिकडे अॅरिस्टॉटलनेही काव्याचे मूळ शोधताना मनुष्याच्या बाल्याकडेच बोट दाखविले आहे. अनुकरणाची आवड मनुष्यास लहानपणापासून असते आणि त्याचे पहिले शिक्षण अनुकरणानेच होते, असे त्याचे म्हणणे आहे. पूर्वेकडील आणि पश्चिमेकडील दोन थोर शास्त्रकारांची साक्ष अशी एकाच बाजूने पडत असता, काव्यास क्रीडा म्हणणे हा आपण काव्याचा गौरव समजतो, आणि मुलाच्या क्रीडेस मात्र वेळ घालविण्याचे साधन समजतो. ही विसंगती आमच्या मनात बरेच दिवस घोळत होती. ती येथे मांडण्यास निमित्त झाले ते एका जुन्या पुस्तकाच्या पुनर्वाचनाचे आणि आमच्या शेजारच्या एका घराचे.

पुस्तक म्हणजे गिजुभाई बधेका यांचे 'दिवास्वप्न'. वकिली सोडून बालशिक्षणाकडे वळलेल्या या गुजराती गृहस्थांनी १९२० मध्ये भावनगर येथे दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केले, आणि १९३० नंतरच्या दशकाच्या आरंभी हे लहानसे पुस्तक लिहिले. शिक्षणावरील ग्रंथ म्हणून त्याची कीर्ती आहे. पण त्याचे स्वरूप कादंबरीचे आहे, ही गोष्ट शिक्षणशास्त्राचे अभ्यासक बहुधा ओझरती सांगून पुढे जातात. एक शिक्षक शिक्षणाधिकाऱ्याकडे जातो, प्रयोगासाठी प्राथमिक शाळेचा एक वर्ग मागतो, त्यास चौथीचा वर्ग एका वर्षापुरता मिळतो, आणि त्या वर्षाची हकीकत तो स्वतःच्या तोंडाने सांगतो. एवढेच कथानक आहे.

या पुस्तकाचा सर्वांत मोठा गुण त्याच्या पहिल्याच प्रसंगात आहे. शिक्षक घरून बेत आखून येतो. मुलांस शांततेचा खेळ द्यावयाचा, खिडक्या लावून खोलीत अंधार करावयाचा, आणि त्या शांततेतून वर्गास वळण लावावयाचे, असा तो बेत. हा खेळ माँटेसोरीबाईंच्या पद्धतीतील, आणि गिजुभाई स्वतः त्या पद्धतीचे पुरस्कर्ते. तरीही ग्रंथकर्ता त्या खेळाची पहिल्याच दिवशी फजिती करून दाखवितो. मुले अंधारात ओरडतात, हसतात, आणि शिक्षकास वर्ग वेळेआधी सोडून द्यावा लागतो. आपल्या मताच्या प्रसारासाठी लिहिणारा लेखक सहसा आपल्या मताचा पराभव पहिल्या पानांवर मांडीत नाही. गिजुभाईंनी तो मांडला, म्हणूनच पुढे येणाऱ्या त्यांच्या यशावर आपला विश्वास बसतो. दुसऱ्या दिवशी शिक्षक तयार पद्धत बाजूस ठेवतो आणि राजाराणीची एक लांबलचक गोष्ट सुरू करतो. वर्ग निवतो. शिस्त आधी आणि गोष्ट मागून, हा शाळेचा नित्याचा क्रम. तो येथे उलटा होतो, आणि उलटा झाल्यावरच दोन्ही गोष्टी साधतात. पाठ्यपुस्तकांच्या पैशांतून गोष्टींच्या पुस्तकांचे वाचनालय उभे राहते, खेळ शाळेच्या मध्यभागी येतो. पण या सर्वांचे मूळ त्या पहिल्या गोष्टीत आहे.

असे असले तरी या पुस्तकाचे दोषही सांगितले पाहिजेत. पुस्तकाचे नावच त्यांपैकी एकाची कबुली देते. स्वप्नात अडचणी येतात त्या नाहीशा होण्यासाठीच. येथे हेडमास्तर कुरकुरतात, सहकारी शिक्षक हसतात, पालक तक्रार करतात. पण वर्षअखेरीस सर्व मंडळी कमीअधिक प्रमाणात वळलेली दिसतात. प्रयोगाचे यश एका असामान्य माणसाच्या उत्साहावर उभे आहे, आणि त्या माणसास पोटापाण्याची चिंता असल्याचे कोठे जाणवत नाही. दुसरा दोष अधिक महत्त्वाचा. या कथेत घर आहे ते बाहेरून पाहिलेले. मुले अस्वच्छ येतात ती घरातून. आईबाप समजत नाहीत ते घरात. शिक्षणाचा प्रकाश शाळेत आहे आणि तो घराकडे न्यावयाचा आहे, असा एकूण सूर आहे. घरातच शिक्षणाचे काही द्रव्य पडून असेल, ही शंका ग्रंथकर्त्यास फारशी शिवलेली नाही. चौथीच्या वर्गापुरते हे खपूनही जाते. पण दोनतीन वर्षांच्या मुलाचे सारे जग म्हणजे घर, आणि तेथे हा दृष्टिकोन तोकडा पडतो.

ही उणीव ज्यांनी भरून काढली त्या दोघीजणी मराठी आहेत. ताराबाई मोडक १९२३ च्या सुमारास भावनगरास गिजुभाईंच्या कार्यात सामील झाल्या; १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली; आणि दादर येथे शिशुविहार उभा केल्यानंतर १९४५ मध्ये त्यांनी बोर्डी येथे खेड्यातील मुलांसाठी काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांना तेथेच येऊन मिळाल्या. बोर्डीत बालवाडी निघाली, पण हरिजन वस्तीतील मुले तिच्याकडे येईनात. तेव्हा ताराबाईंनी मुलांना दोष दिला नाही, की त्यांच्या आईबापांवर व्याख्यानही झोडले नाही. बालवाडीच उचलून त्या वस्तीच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा शब्द त्यातून आला. आम्ही भाषेचे शिक्षक असल्यामुळे या शब्दाचे आम्हांस विशेष मोल वाटते. फ्रबेलने १८४० मध्ये आपल्या शाळेस 'मुलांची बाग' अशा अर्थाचे नाव दिले. आपल्या 'बालवाडी'तील वाडी हीही फुलाफळांचीच. पण बाग झाली तरी मुलास तिच्यापर्यंत चालत जावे लागते. अंगणास तशी अट नाही. जे घराचे आहे आणि तरी घराबाहेरचे आहे, तेथे शाळेने जावयाचे, एवढा मोठा विचार त्या पाच अक्षरांत आहे. १९७५ च्या २ ऑक्टोबर रोजी भारत सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तेव्हा तिने हाच शब्द उचलला. आज तो देशभर चालतो, आणि बोलणाऱ्यास त्यातील अंगण बहुधा ऐकू येत नाही.

बोर्डीस, आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर, आणखी एक गोष्ट झाली. माँटेसोरी पद्धतीची महागडी साधने आदिवासी पाड्यावर परवडणारी नव्हती. त्यांच्या जागी गोटे, शिंपले, बिया, पाने आली. थोरली बहीण शाळेत यावयाची तर तिच्या कडेवरचे भावंडही आले पाहिजे, म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात नांदू लागली; त्या रचनेस 'विकासवाडी' हे नाव मिळाले. पाळणाघर ही केवळ मूल ठेवण्याची जागा नव्हे, शिक्षणाची ती पहिली पायरी आहे, हे येथे तत्त्वाच्या आधी गरजेने शिकविले.

आता आमच्या शेजारच्या घराकडे वळतो. मीरारोड स्टेशनावरून ज्या लोहमार्गाने उत्तरेस डहाणू आणि बोर्डीजवळचे घोलवड गाठता येते, त्याच मार्गाने सकाळी सहस्रावधी स्त्रीपुरुष दक्षिणेस मुंबईकडे जातात. हाटकेशमधील पुष्कळ घरांतून आईबाप दोघेही असे बाहेर पडतात, आणि मूल त्याच इमारतीतील किंवा जवळच्या एखाद्या घरी ठेवलेले असते. ज्यांच्याकडे ते ठेवलेले असते त्या बाईंस मुले 'मावशी' म्हणतात. दोन खोल्यांचे बिऱ्हाड, खाली अंथरलेली सतरंजी, चारसहा मुले. घरी कोणी मराठी बोलणारे, कोणी गुजराती, कोणी हिंदी. येथे अंगण नाही. शिक्षणशास्त्रात ज्यास गृहपाळणाघर म्हणता येईल, ते हेच.

एके दुपारी काही कामानिमित्त आम्ही तेथे बसलो असता मुलांची भातुकली चालू होती. आम्हांस वाटले, नेहमीची चूल, नेहमीचा लटका भात. पण साडेतीन वर्षांच्या एका मुलीने खांद्यास पिशवी अडकविली, बाहुलीस दुसऱ्या मुलीच्या हाती दिले, आणि लोकल चुकेल म्हणून ती घाईने दारापर्यंत गेली. दुसरी मुलगी मावशी झाली होती. बाहुली रडते आहे असे ठरले होते. क्षणभराने पहिली परत आली, तिने बाहुलीस घेतले, आणि पुन्हा सारे पहिल्यापासून सुरू झाले. असे चारपाच वेळा झाले असेल. १९२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ग्रंथात फ्रॉइडने दीड वर्षाच्या मुलाचा एक खेळ वर्णिला आहे. आई दूर गेली असता ते मूल दोरा बांधलेले रीळ पलंगाआड फेकी आणि पुन्हा ओढून घेई. जे आपल्यावर ओढवते ते खेळात आपण घडवून आणावे, असा त्याचा एक अर्थ त्याने लावला आहे. हाटकेशच्या त्या मुलीने रिळाच्या ऐवजी संपूर्ण नाटक रचले होते. रोज सकाळी जिला सोडून जातात, ती येथे स्वतः सोडून जाणारी झाली होती, आणि परत येणारीही तीच. भरतमुनींनी सांगितलेले क्रीडनीयक आम्ही डोळ्यांनी पाहिले आणि कानांनी ऐकले.

सायंकाळी तिची आई आली. 'आज काय शिकवलंत?' असे तिने मावशींस विचारले. मावशींनी कपाटातून एक कागद काढला. त्यावर ठिपके जोडून एक इंग्रजी अक्षर काढलेले होते. ते मुलीने काढले होते की मुलीचा हात धरून मावशींनी, हे आम्ही विचारले नाही. आई समाधान पावली. भातुकलीविषयी मावशी काही बोलल्या नाहीत, कारण दाखविण्यासारखे तेथे काही उरलेच नव्हते. बाहुली कोपऱ्यात पडली होती.

आमच्या मते सर्जनशील खेळाच्या शिक्षणाचा खरा प्रश्न येथे आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षणधोरणाने तीन ते आठ वर्षांचा काळ पायाभूत ठरविला आणि खेळास त्यात मानाचे स्थान दिले. तत्त्वाचा वाद त्यामुळे कागदोपत्री मिटला आहे. पण खेळाचे मोल कळते ते खेळ पाहणाऱ्यास, आणि दिवसभर न पाहिलेल्या पालकास हवा असतो पुरावा. पुरावा देण्याच्या भरात खेळाचा पाठ होतो, पाठाचा कागद होतो, आणि घर ही शाळेची निकृष्ट नक्कल होऊन बसते. रंगीत साधनांच्या पेट्या विकत आणून हा रोग बरा होत नाही. ज्या माँटेसोरीबाईंच्या नावाने त्या विकल्या जातात, त्यांचे पहिले बालगृह १९०७ मध्ये रोमच्या सान लोरेंझो भागात मजुरांच्या चाळवजा इमारतीतच सुरू झाले होते, आणि तेही आईबाप कामावर गेल्यावर मुले इमारत खराब करतात या घरमालकांच्या तक्रारीवरून. हाटकेशची इमारत त्या इमारतीहून फार निराळी नाही. तेथील मुलांस ताट पुसणे, पाणी ओतणे, गुंडी लावणे ही घरचीच कामे शिक्षण म्हणून दिली गेली. मावशींच्या स्वयंपाकघरात सोलावयाचे मटार, निवडावयाचे तांदूळ, मळावयाची कणीक हे सर्व रोज असते. फक्त ते मुलांपासून दूर ठेवलेले असते, कारण ती 'शिकवण' वाटत नाही.

आमच्या म्हणण्याचा विपर्यास होऊ नये. खेळ म्हणजे मुलांस मोकाट सोडणे नव्हे. ज्या घरी सहा मुलांमागे एक थकलेली बाई आहे, गॅसची शेगडी हाताशी आहे आणि गॅलरीस जाळी नाही, तेथे क्रीडेचे स्तोत्र गाणे हा दुष्टपणा होईल. आईची काळजीही खोटी नाही. पुढे इंग्रजी शाळेच्या दारात आपले मूल मागे पडेल, ही भीती तिला कोणी शिकविलेली नसून अनुभवाने आलेली आहे. शिवाय खेळासही अन्न लागते, आणि ते अन्न मोठ्या माणसांच्या भाषेचे असते. ज्या मुलास कोणी गोष्ट सांगितली नाही, त्याच्या भातुकलीत राजा येत नाही, वाघ येत नाही. लोकल तेवढी येते. गिजुभाईंच्या शिक्षकास दुसऱ्या दिवशी जे सुचले, तेच येथे मावशींनी करावयाचे आहे, आणि त्यासाठी पदविकेची जरुरी नाही. मराठी, गुजराती, हिंदी अशा तीन भाषांतून एकच गोष्ट मुले मागून घेतात, हे आम्ही त्याच सतरंजीवर पाहिले आहे.

'दिवास्वप्न' वाचून मिटल्यावर आम्हांस वाटते की या पुस्तकास पुरवणीचे एक प्रकरण हवे होते, आणि ते शाळेत न घडता अशा एखाद्या बिऱ्हाडात घडावयास हवे होते. त्याचा नायक शिक्षक नसावा. त्यात फक्त एवढेच व्हावे, की सायंकाळी आई दारात आली असता मावशींनी कागद न काढता तिला क्षणभर बसवून घ्यावे आणि सांगावे, 'तुमची मुलगी आज पाच वेळा कामावर गेली, आणि पाचही वेळा परत आली.' त्या वाक्याने आईस काय कळेल, हे आम्ही सांगू शकत नाही. पण ठिपक्यांच्या कागदाने जे कळते त्याहून ते अधिक खरे असेल.