लोकमताचे न्यायालय : नानावटी खटल्याविषयीच्या काही रूढ समजुतींचे परीक्षण

न्यायालयाचा निर्णय आणि लोकांचा निर्णय परस्परांस छेद देऊन गेले, तर त्यांतील खरा न्याय कोणता मानावा, या प्रश्नाची चर्चा निघाली की नानावटी खटल्याचा दाखला हटकून दिला जातो. लोकांनी सोडले, कायद्याने अडकवले आणि अखेर लोकांचेच खरे ठरले, असा त्या दाखल्याचा सामान्यतः आशय असतो. याच्या उलट टोकाचे मतही तितकेच प्रचलित आहे : एका साप्ताहिकाने ज्यूरीला भुरळ घातली आणि त्यापायी भारतातील ज्यूरीपद्धतीच बुडाली. ही दोन मते परस्परविरोधी भासतात. वस्तुतः ती एकाच गृहीतकावर उभी आहेत. खटल्याचा निकाल वृत्तपत्राच्या कचेरीत लागला, हे ते गृहीतक होय. ते कितपत टिकते हे पाहावयाचे, तर मूळ घटनाक्रमाकडे परतणे अवश्य आहे.

२७ एप्रिल १९५९ रोजी नौदलातील कमांडर कावस नानावटी यास आपल्या पत्नीच्या प्रेम आहुजाशी असलेल्या संबंधांची कबुली तिच्याच तोंडून मिळाली. दुपारी दीडच्या सुमारास तो घरातून निघाला. पत्नी व मुलांस त्याने चित्रपटगृहात सोडले, आपल्या जहाजावर जाऊन खोटे निमित्त सांगून रिव्हॉल्व्हर व सहा काडतुसे घेतली, प्रथम आहुजाच्या कार्यालयात व तेथे तो न भेटल्याने त्याच्या घरी तो गेला. चार वाजून वीस मिनिटांच्या सुमारास आहुजा मरण पावला होता. नानावटी स्वतःहून पोलिसांच्या स्वाधीन झाला. सत्र न्यायालयात नऊ ज्यूररांनी आठ विरुद्ध एक अशा मताने त्यास निर्दोष ठरविले. न्यायाधीशांना हा कौल अग्राह्य वाटला व त्यांनी प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाकडे धाडले. उच्च न्यायालयाने ११ मार्च १९६० रोजी जन्मठेपेची शिक्षा दिली आणि सर्वोच्च न्यायालयाने २४ नोव्हेंबर १९६१ रोजी ती कायम केली.

या काळात रुसी करंजिया यांच्या 'ब्लिट्झ' साप्ताहिकाने आरोपीची बाजू उघडपणे लावून धरली, हे निर्विवाद आहे. परंतु त्या पक्षपाताचे स्वरूप नीट पाहिले पाहिजे. 'ब्लिट्झ'ने पुराव्याशी वाद घातला असे म्हणण्यापेक्षा त्याने पुराव्याची जागा स्वभावचित्रास दिली, असे म्हणणे अधिक यथार्थ होईल. एका बाजूस कर्तव्यनिष्ठ, देखणा, गणवेशातील अधिकारी. दुसऱ्या बाजूस धनिक, चैनी, परस्त्रीलंपट तरुण. कथा एकदा अशी मांडली गेली, की 'त्या खोलीत काय घडले' या प्रश्नाऐवजी 'त्या खोलीत कोण चांगला होता' हा प्रश्न वाचकापुढे उभा राहतो. आणि मृत मनुष्य आपल्या चारित्र्याचा बचाव करण्यास येऊ शकत नाही, ही सोय अशा कथेस आयतीच मिळते.

या स्थित्यंतराचे उत्कृष्ट उदाहरण म्हणजे तो टॉवेल. आहुजा नुकताच स्नान करून बाहेर आला होता व त्याच्या कमरेस टॉवेल गुंडाळलेला होता. बचावपक्षाचे म्हणणे असे, की दोघांची झटापट झाली व तीत रिव्हॉल्व्हरमधून गोळ्या सुटल्या. मग झटापटीनंतरही टॉवेल जागच्या जागी राहिला कसा, हा न्यायालयापुढील एक अत्यंत मार्मिक प्रश्न होता. सर्वोच्च न्यायालयानेही त्याची दखल घेतली. त्याच वेळी मुंबईच्या रस्त्यांवर फेरीवाले 'आहुजा टॉवेल' आणि खेळण्यातील 'नानावटी रिव्हॉल्व्हर' विकत होते. न्यायालयात जो आरोपीविरुद्धचा पुरावा होता, तोच बाजारात मृताची थट्टा झाला.

तथापि येथून 'ब्लिट्झने ज्यूरी फिरविली' या निष्कर्षावर उडी घेणे घाईचे होईल. ज्यूररांनी काय वाचले व त्यांपैकी कशाचा परिणाम त्यांच्या मनावर झाला, हे दाखविणारा पुरावा कोणी पुढे मांडलेला नाही. याउलट वरिष्ठ न्यायालयांनी जे दोष नोंदविले ते वृत्तपत्राचे नसून सत्र न्यायाधीशांनी ज्यूरीस केलेल्या मार्गदर्शनाचे होते. अपघाताचा बचाव घेतला असता तो सिद्ध करण्याचा भार तत्कालीन पुरावा कायद्याच्या कलम १०५ अन्वये आरोपीवर येत असे, ही गोष्ट ज्यूरीस नीटपणे सांगितली गेली नव्हती. गंभीर व आकस्मिक प्रक्षोभाची कायदेशीर लक्षणेही तिच्यापुढे पुरेशी उलगडली नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने या प्रक्षोभाची कसोटी मांडताना आरोपीच्याच सामाजिक वर्गातील विचारी माणूस नजरेसमोर ठेवला. म्हणजे कायदा भावनेस आंधळा होता हा आरोप टिकत नाही. त्याने एवढेच पाहिले, की कबुली आणि गोळीबार यांत जवळजवळ तीन तास गेले होते व ते तास विचारपूर्वक हालचालींनी भरलेले होते. ज्यूरीस अर्धवट मार्गदर्शन मिळाले असता तिच्या चुकीचे सारे खापर एका साप्ताहिकावर फोडणे, हीदेखील एक प्रकारची सनसनाटीच होय.

ज्यूरीपद्धती या खटल्याने संपविली, ही समजूतही अतिशयोक्तीची आहे. मोतीलाल सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने १९५८ च्या चौदाव्या अहवालातच ती रद्द करण्याची शिफारस केली होती. तेव्हा आहुजा जिवंत होता. शिवाय १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम ३०७ अन्वये ज्यूरीचा कौल मुळातच अंतिम नव्हता. या खटल्याने एका मोडकळीस आलेल्या इमारतीच्या भिंतीस फार तर एक धक्का दिला. १९७३ च्या संहितेने तिचे उरलेसुरले अवशेष काढून टाकले.

याहून महत्त्वाचा प्रश्न ज्यूरी म्हणजे लोक, या समीकरणाचा आहे. मराठी वाचकास तरी ते सहज पटू नये. १९०८ मध्ये 'केसरी'तील लेखांबद्दल टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला, तेव्हाही नऊ ज्यूरर होते : सात युरोपीय व दोन पारशी. कौल सात विरुद्ध दोन असा टिळकांच्या विरुद्ध गेला. लेख मराठी होते व ते ज्यूरीपुढे इंग्रजी भाषांतराच्या रूपाने गेले. त्या भाषांतरावर टिळकांचा मोठाच आक्षेप होता. या कौलास महाराष्ट्राने लोकांचा कौल कधीही मानले नाही. मग १९५९ च्या आठ जणांस मात्र 'लोक' ही पदवी का मिळते? त्यांचा निर्णय आवडला म्हणून, याहून समाधानकारक उत्तर सापडत नाही. लोकमताचा आधार घेणारा बहुधा त्या लोकमताची निवड आधीच करून बसलेला असतो.

खटल्यातील पुढील भाग लोककथेतून जवळपास गळूनच गेला आहे. उच्च न्यायालयाच्या निकालाच्याच दिवशी राज्यपाल श्रीप्रकाश यांनी घटनेच्या कलम १६१ खाली शिक्षा स्थगित केली, आरोपी नौदलाच्या ताब्यात राहिला आणि कार्यकारी सत्तेस हे करता येते काय, यावर घटनापीठापुढे वाद झाला. सर्वोच्च न्यायालयात अपील प्रलंबित असताना राज्यपालांचा हा अधिकार चालू शकत नाही, असे सप्टेंबर १९६० मध्ये बहुमताने ठरले. खटल्याचे खरे घटनात्मक महत्त्व येथे आहे. न्याय्यतेचा प्रश्नही येथेच धारदार होतो. कारण ही त्वरा सामान्य कैद्याच्या वाट्यास येत नाही. १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी नानावटीस माफी दिली. ही कहाणी पडद्यावर वारंवार आली. २०१६ च्या 'रुस्तम' चित्रपटात नायक निर्दोष सुटतो व प्रेक्षक समाधानाने घरी जातो. उच्च न्यायालयापर्यंत पोहोचण्याची गरज त्या कथेस भासत नाही.

याचा अर्थ न्यायालयाच्या निर्णयावर बाहेरून बोलूच नये, असा मात्र नव्हे. देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात १९७२ मध्ये एका आदिवासी मुलीवर झालेल्या अत्याचाराच्या प्रकरणी दोन पोलिसांस सत्र न्यायालयाने सोडले, नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली व सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये पुन्हा निर्दोष ठरविले. १९७९ मध्ये उपेन्द्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार व रघुनाथ केळकर या चार विधी-अध्यापकांनी सरन्यायाधीशांस खुले पत्र लिहिले. 'ब्लिट्झ'च्या लेखनाशी या पत्राची तुलना उद्बोधक आहे. ते अंतिम निकालानंतर लिहिले गेले. पोलीस ठाण्यात मुकाट राहणे म्हणजे संमती देणे नव्हे, हा त्याचा युक्तिवाद निकालपत्राच्याच वाक्यांस भिडणारा होता. आणि ज्या व्यक्तीची बाजू त्याने घेतली, तिच्यापाशी ना गणवेश होता, ना साप्ताहिक. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने दूरचित्रवाणीवरील समांतर खटल्यांवर कडक शब्दांत ताशेरे ओढले, त्यांचा रोख तपास चालू असतानाच दोषी कोण हे जाहीर करणाऱ्यांवर होता. निकालाच्या समीक्षेस त्यांची बाधा येत नाही.

पत्राने आरोपींची सुटका बदलली नाही. परंतु त्यातून उठलेल्या चळवळीनंतर १९८३ मध्ये कायदा बदलला; कोठडीतील बलात्कारात संभोग सिद्ध झाला व स्त्रीने संमती नव्हती असे सांगितले, तर न्यायालयाने तसे गृहीत धरावे, असे कलम ११४-अ पुरावा कायद्यात आले. त्याच सुधारणेने पीडितेची ओळख छापण्यासही बंदी घातली. ज्या खटल्याने हे घडविले, तो मात्र विधी महाविद्यालयांच्या वर्गांत आजही त्या मुलीच्या नावानेच शिकविला जातो.