बाणाखालचं गाव

युद्धावरचा कुठलाही माहितीपट मोबाईलवर लावा आणि पहिली दोन मिनिटं नीट बघा. आकाशातून दिसणारी जमीन येते. तिच्यावर सीमारेषा उमटतात, मग लाल आणि निळे बाण निघतात. बाण पुढे सरकतो तसं वाटेतल्या गावाचं नाव अर्धा सेकंद चमकतं आणि विझतं. मागे ढोल आणि खर्जातला आवाज. रणगाड्याचं वजन किती, तोफेचा पल्ला किती, सगळं कळतं. स्टॅलिनग्राड असो की लोंगेवाला, शेकडो किलोमीटरची लढाई तळहाताएवढ्या पडद्यावर मावते आणि समजतेसुद्धा. हे या प्रकाराचं मोठं बळ आहे, ते नाकारायचं कारण नाही. शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकाला जे जमलं नाही ते या बाणांनी केलं.

पण कळंबमध्ये बसून हे कार्यक्रम बघताना एक गोष्ट सुटत नाही. असा एक बाण आपल्या जिल्ह्यावरूनही गेलेला आहे. त्या अर्ध्या सेकंदाच्या चमकेत नळदुर्ग होतं, तुळजापूर होतं, उमरगा होतं. बाणाखाली कोण राहत होतं, हे मात्र कुठलाच बाण सांगत नाही.

आधी हा प्रकार इथवर आला कसा, ते पाहू. दूरदर्शनवर १९८८ मध्ये चेतन आनंद यांची 'परमवीर चक्र' ही मालिका आली. एका भागात एक वीर, अशी तिची मांडणी. तिथे युद्ध म्हणजे एक माणूस आणि त्याच्यापुढचा एक निर्णय. पुढच्याच वर्षी 'फौजी' आली. आज ती शाहरुख खानची पहिली मालिका म्हणून लक्षात आहे, पण दिग्दर्शक कर्नल राज कपूर स्वतः लष्करातले होते आणि मालिकेत लढाईपेक्षा प्रशिक्षण, शिक्षा, चेष्टामस्करी आणि दोस्तीच जास्त होती. केबल आलं तसे डिस्कव्हरीसारखे चॅनल आले आणि माणसाच्या जागी यंत्र आलं. विमान, पाणबुडी, रायफल हेच नायक झाले. अलीकडे 'एपिक'वरच्या 'रेजिमेंट डायरीज'ने पुन्हा माणसाकडे मान वळवली. रेजिमेंटच्या चालीरीती, युद्धघोषणा आणि जवानांचं स्वतःचं बोलणं तिथे ऐकायला मिळतं.

मराठीत 'लागिरं झालं जी' (२०१७ ते २०१९) घराघरांत बघितली गेली. समीक्षकांनी तिला फारसं मनावर घेतलं नसेल, पण तिने एक नेमकी गोष्ट केली. लष्कर तिने गावातून दाखवलं. भरतीची तयारी, सुट्टी संपायचा दिवस, वाट बघणारी बायको, काळजीने अर्धी झालेली घरची माणसं. ही गोष्ट सातारची असणं साहजिक होतं. तिथल्या अपशिंगे गावाच्या नावापुढे 'मिलिटरी' लागतं आणि पहिल्या महायुद्धात त्या एका गावाचे ४६ जवान कामी आले. सातारच्या गावांनी माणसं युद्धाला पाठवली.

आपल्याकडचा अनुभव उलटा आहे. इथे युद्धच गावात आलं. आणि त्या अनुभवासाठी आपल्याकडे ना मालिका आहे, ना धड माहितीपट.

ते युद्ध म्हणजे सप्टेंबर १९४८. कागदोपत्री 'ऑपरेशन पोलो', लोकांच्या तोंडी 'पोलीस ॲक्शन'. तेव्हा कळंब हा निजामाच्या हैदराबाद संस्थानातल्या उस्मानाबाद जिल्ह्याचा तालुका. शेजारची बार्शी भारतात, आपण मोगलाईत. मधून हद्द जायची. १३ सप्टेंबरच्या पहाटे भारतीय सैन्य सोलापूरकडून आत शिरलं. मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या हाताखालच्या फौजेने नळदुर्गजवळचा बोरी नदीवरचा पूल उडवला जायच्या आत ताब्यात घेतला. त्याच दिवशी तुळजापूरला झटापट झाली आणि दुपारपर्यंत चिलखती तुकडी उमरग्याला पोचली. नळदुर्गच्या लढाईत शीख रेजिमेंटचे हवालदार बचित्तर सिंग पडले. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं आणि या सन्मानाच्या अगदी पहिल्या मानकऱ्यांत त्यांचं नाव आहे. १७ तारखेला निजामाने शस्त्रं खाली ठेवायचा हुकूम दिला, १८ला हैदराबादचे सेनापती अल् इद्रूस चौधरींना शरण आले.

यूट्यूबवर 'ऑपरेशन पोलो' शोधा. बहुतेक व्हिडिओ एकाच साच्यातले निघतात. जगातला सर्वांत श्रीमंत माणूस, त्याचे हिरे, कासीम रझवीची भाषणं, सरदार पटेलांचा निर्धार, बाण, आणि मग '१०८ तासांत हैदराबाद'. शेवटी एक छायाचित्र: विमानतळावर पटेलांसमोर हात जोडून उभा असलेला निजाम. संगीत चढतं, तिरंगा फडकतो, खाली सबस्क्राइबचं बटण.

या शेवटाकडे जरा थांबून बघू. ते छायाचित्र सप्टेंबर १९४८चं नाही, फेब्रुवारी १९४९चं आहे. शरणागती आणि तो नमस्कार यांच्यामध्ये पाच महिने आहेत. व्हिडिओ ते एका कटमध्ये ओलांडतो. संकलनाच्या दृष्टीने हा साधा जोड आहे, रोज हजार ठिकाणी होतो. पण आपल्या जिल्ह्याच्या इतिहासातली सर्वांत अवघड पानं नेमकी त्याच जोडात दबली आहेत.

त्या पाच महिन्यांत काय झालं? सैन्य पुढे सरकल्यावर गावोगाव सूड सुरू झाला. रझाकारांनी केलेल्या अत्याचारांचा हिशेब अनेक ठिकाणी अशा मुसलमानांकडून वसूल झाला ज्यांचा रझाकारांशी काही संबंध नव्हता. बातम्या दिल्लीपर्यंत गेल्या तेव्हा नेहरूंच्या सरकारने पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली एक समिती पाठवली. काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी हे तिचे इतर सदस्य. नोव्हेंबरच्या अखेरीपासून डिसेंबरपर्यंत ती संस्थानात फिरली. तिचा अंदाज असा की पोलीस ॲक्शनच्या काळात आणि त्यानंतर २७ ते ४० हजार माणसं मारली गेली. सर्वांत जास्त झळ बसलेले म्हणून तिने चार जिल्हे सांगितले: उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. सरकारने हा अहवाल स्वीकारला नाही, आणि कित्येक दशकं तो लोकांपुढे आला नाही. २०१३ मध्ये ए. जी. नूरानी यांच्या पुस्तकातून तो सर्वांना वाचायला मिळाला.

आकड्यांबद्दल वाद घालता येईल, अंदाज हा अंदाजच असतो. पण त्या यादीत आपल्या जिल्ह्याचं नाव आहे, त्याला वाद नाही. आणि व्हिडिओत नळदुर्ग अर्धा सेकंद तरी चमकतं, हे पाच महिने तेवढेही चमकत नाहीत.

आता दुसरी बाजू. हा जोड फक्त शेवटी नाही, सुरुवातीलाही आहे. व्हिडिओत रझाकार म्हणजे रझवीचं एक भाषण आणि तलवारी घेतलेल्या टोळीचं एक चित्र. रझवी लातूरचा वकील, आणि लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच. म्हणजे ही आग लांबून आली नव्हती. लूट, जाळपोळ, लेव्हीच्या नावाखाली उचललेलं धान्य, रात्रीतून हद्द ओलांडून बार्शीकडे गेलेली बिऱ्हाडं, हद्दीवरचे कॅम्प, तुरुंग भरणारे सत्याग्रही. स्टेट काँग्रेसचे स्वामी रामानंद तीर्थ कधीकाळी आपल्याच जिल्ह्यातल्या हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत शिकवत होते. आणि हैदराबादेत 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान यांचा ऑगस्ट १९४८मध्ये खून झाला. ते मुसलमान होते आणि भारतात विलीन व्हा असं उघड लिहीत होते. लाल-निळ्या बाणांच्या रंगसंगतीत या माणसाला कुठला रंग द्यायचा?

मराठवाड्यातल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात काळ मोजायची एक पद्धत होती. 'रझाकारीत आमचं घर जळालं', 'रझाकारीच्या आधी जमीन होती', 'पोलीस ॲक्शननंतर ते गाव सोडून गेले'. लक्ष द्या, इथे पाच दिवस कुठेच नाहीत. रझाकारी हा एक काळ आहे, दुष्काळासारखा, प्लेगासारखा. त्याला आधी आहे आणि नंतर आहे. १०८ तास हा सेनापतीचा हिशेब झाला. तो खोटा नाही, पण ज्याच्या दारावरून बाण गेला त्याचा हिशेब वर्षांचा आहे. आपले युद्धपट पहिला हिशेब दाखवतात आणि तोच पूर्ण आहे असं भासवतात. माझी मुख्य तक्रार ही आहे.

कुणी म्हणेल, युद्धपटाचं कामच ते, लढाई दाखवायची. गावाचं दुःख दाखवायला दुसरे चित्रपट आहेत. हे पटत नाही, कारण याच प्रकाराने हे काम केलेलं आहे. ब्रिटनच्या थेम्स टेलिव्हिजनची 'द वर्ल्ड ॲट वॉर' ही २६ भागांची मालिका १९७३-७४ मध्ये आली. दुसऱ्या महायुद्धावरच्या पुढच्या जवळजवळ प्रत्येक मालिकेने तिच्याकडून काहीतरी घेतलं. तिच्यात नकाशे आहेत, तोफा आहेत, सेनापती आहेत. पण ती सुरू होते ती ओरादूर-सूर-ग्लान या फ्रान्समधल्या एका लहानशा गावात. १० जून १९४४ला जर्मन सैनिकांनी तिथली सहाशेहून जास्त माणसं एका दुपारी मारली. गाव तसंच पडीक ठेवलेलं आहे. कॅमेरा त्या रिकाम्या रस्त्यावरून फिरतो आणि मगच मालिका हिटलरकडे वळते. हा क्रम नुसती सजावट नाही. पुढचे २६ भाग नकाशावर कितीही बाण आले तरी बघणाऱ्याच्या डोक्यात ते गाव राहतं. शिवाय सेनापतींच्या बरोबरीने त्या मालिकेत साधे खलाशी, कारकून, घरबसल्या बायकाही बोलतात.

दुसरी अडचण सांगितली जाते ती म्हणजे आपल्याकडे चित्रीकरणच नाही. नळदुर्गच्या रस्त्यावर कॅमेरा घेऊन कोण उभं होतं? खरं आहे. पण १९८५च्या 'शोआ'मध्ये क्लोद लांझमान यांनी साडेनऊ तासांत जुन्या चित्रीकरणाचा एकही तुकडा वापरला नाही. ज्यूंच्या संहाराची गोष्ट त्यांनी वाचलेल्यांना, बघणाऱ्यांना आणि करणाऱ्यांना बोलतं करून उभी केली. पुलाजवळची आजची शेतं, बाजारातला आजचा रस्ता आणि एक बोलणारा माणूस, एवढ्यात खूप काही होतं. रणगाड्याचं कॉम्प्युटर ग्राफिक करायला यापेक्षा जास्त पैसे लागतात.

खरी अडचण वेगळी आहे आणि ती नाजूक आहे. भीती अशी की 'नंतर'चं दाखवलं तर मुक्तीला गालबोट लागेल, आणि 'आधी'चं दाखवलं तर आजच्या शेजाऱ्याकडे संशयाने बघितलं जाईल. म्हणून एक बाजू एक तुकडा उचलते, दुसरी बाजू दुसरा. २०२४मध्ये आलेल्या 'रझाकार' या तेलुगू चित्रपटाने अत्याचारांचा तुकडा उचलला. समाजमाध्यमांवर कुणीतरी फक्त सुंदरलाल समितीचा आकडा उचलतं. दोन्ही तुकडे खरे आहेत, पण सुटे झाले की शस्त्रासारखे वापरले जातात. १७ सप्टेंबरला झेंडावंदन करणाऱ्या आजोबांचा आनंद खरा होता. त्यांच्या गल्लीतलं एक घर त्याच महिन्यात रिकामं झालं, हेही खरं होतं. हे दोन्ही एका चित्रपटात मावतं. एका माणसाच्या आठवणीत तर ते मावलेलंच असतं.

सुंदरलाल समितीच्या अहवालात एक नोंद अशी आहे की ती वाचल्यावर हा माहितीपट कसा असावा ते आपोआप दिसायला लागतं. काही ठिकाणी हिंदूंनी मुसलमानांना वाचवलं, प्रसंगी स्वतःचा जीव देऊन. आणि हा जिव्हाळा एकाच धंद्यातल्या लोकांत जास्त दिसला. विणकरांनी विणकरांना वाचवलं. एवढीशी नोंद, पण 'पोलो'वरच्या सगळ्या व्हिडिओंपेक्षा ती मला जास्त माहितीची वाटते. माणूस कुणाचा जीव वाचवतो, धर्माच्या नात्याचा की मागाच्या नात्याचा? शेजारी केव्हा शत्रू होतो आणि केव्हा होत नाही? युद्धाच्या इतिहासाकडून आपल्याला हे जाणून घ्यायचं नसेल, तर दुसरं काय जाणून घ्यायचं आहे?

कळंबच्या रस्त्यावर पहाटे भरतीसाठी पळणारी मुलं हे व्हिडिओ बघतात. त्यांच्यात जिद्द येते ती अशा बाणांतून आणि बचित्तर सिंगांसारख्या नावांतून, आणि त्यात वावगं काही नाही. पण जो उद्या गणवेश घालून कुठल्या तरी गावातून जाणार आहे, त्याने बाणाखालचं गावही बघितलेलं असावं. त्याची ती तयारी आहे.

ज्यांना १९४८ धड आठवतं अशी माणसं आता नव्वदीच्या आसपास आहेत. मोठं चॅनल येऊन त्यांच्यावर मालिका करील याची वाट बघण्यात अर्थ नाही. ज्या फोनवर आपण स्टॅलिनग्राड बघतो, त्याच फोनला आवाज टिपायची सोय आहे. घरात, शेजारात, दुसऱ्या धर्माच्या आळीत असं कुणी असेल तर जाऊन बसा. बाण आणि तारखा विचारू नका, त्या पुस्तकात आहेत. पोलीस ॲक्शनच्या आधी गल्लीत कोण कोण राहत होतं आणि नंतर कोण परत आलं, एवढंच विचारा. मग मधे न बोलता ऐका.