विषाणूचा ‘गनिमी कावा’ : एका रूपकाची तपासणी

एच.आय.व्ही. हा विषाणू शरीरातील टी-पेशींना कसा चकवितो, हे सांगताना मराठी लेखक व वक्ते ‘गनिमी कावा’ हे रूपक वारंवार योजतात. उस्मानपुऱ्यातील एका व्याख्यानातही नुकतेच तेच ऐकले. (मोगल इतिहासकार ‘गनीम’ म्हणत ते मराठ्यांनाच, ही गोष्ट वेगळी!)

काव्याला हेतू लागतो; विषाणूला तो नाही. आपल्या आर.एन.ए.ची डी.एन.ए.त नक्कल करताना त्याचे विकर चुका करते व त्या दुरुस्त करीत नाही. मारक टी-पेशी बाधित पेशीच्या पृष्ठभागावर एच.एल.ए. रेणूंनी मांडलेले, आठ-दहा अमिनो आम्लांचे प्रथिनखंड वाचतात. त्यांतील एखादे अक्षर बदलले की मजकूर ओळखू येत नाही. तीच नक्कल तगते व फोफावते. हे लेखनिकाचे प्रमाद होत, सेनापतीचे डावपेच नव्हेत. ‘नेफ’ हे प्रथिन तर एच.एल.ए.-ए व बी हे फलकच पृष्ठभागावरून उतरविते. सुप्त सीडी-४ पेशींत विषाणू ‘दबा धरून’ बसतो, असेही लिहितात. वस्तुतः त्याची संहिता पेशीच्या गुणसूत्रात गुंफली गेलेली असते, आणि ती उच्चारलीच जात नसल्याने वाचण्याजोगे काही नसते.

हा शब्दच्छल नव्हे. शत्रू धूर्त म्हटला की रुग्ण हताश होतो. नक्कल थांबली की चुकाही थांबतात, हे उमगले तर औषध रोज का घ्यावयाचे तेही उमगते. भोसरीस राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था १९९२ साली स्थापन झाली. तरी ‘एस्केप म्युटेशन’ला सर्वमान्य मराठी शब्द नाही. ‘पलायन-उत्परिवर्तन’ म्हणावे, तर पळणारा पुन्हा आलाच. ‘अनोळखी पाठभेद’ हा शब्द मला अधिक पटतो.